सावलीत चाललं, उन्हात जळलं

अखेर सापडलं! सोलर पॅनेलला लावलेला माझा कन्व्हर्टर ऊन येताच का जळतो, ते. तीन मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) गेले, पण कारण हाती लागलं.

सेटअप मागचाच. १०० वॅटची ४ पॅनेल सिरीजमध्ये (ही झाली स्ट्रिंग), खाली ४८ व्होल्टची बॅटरी, आणि ११ वाजेपर्यंत तिसऱ्या पॅनेलच्या खालच्या दोन ओळींवर टाकीची सावली. पॅनेलच्या प्रत्येक अर्ध्या भागाला एक बायपास डायोड असतो, सावली आली की तो करंट त्या भागाला वगळून पुढे नेतो. पॅनेल उभं असल्याने सावली दोन्ही डायोडच्या सेलवर येते आणि अख्खं पॅनेल बाद होतं. बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवून करंट वाढवणारं सर्किट) लावल्यावर तेच पॅनेल १८ व्होल्टला १.८ अँपियर देऊ लागलं. स्ट्रिंगचा करंट ५.५ अँपियर, म्हणजे आउटपुटला साधारण ५.५ व्होल्ट. जिथे काहीच मिळत नव्हतं तिथे ३० वॅट! क्लॅम्प मीटर (वायरभोवती लावून करंट मोजणारं मीटर) लावून तीनदा पाहिलं.

पण सावली हटली की जळका वास. आधी संशय मॉस्फेटवर, कारण मी वापरलेल्या नंबरचा नकली माल फार येतो. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून दुसरे आणले, तेही गेले. हीटसिंक वाढवला, फरक शून्य. मग स्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) गच्चीवर नेला. कन्व्हर्टरमध्ये वरचा आणि खालचा असे दोन मॉस्फेट आळीपाळीने चालू होतात. वरच्याच्या गेटवर, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या पायावर, प्रोब धरला. सावलीत ड्यूटी (वरचा मॉस्फेट चालू असण्याचं प्रमाण) ३० टक्क्यांच्या आसपास, गेटला व्यवस्थित १२ व्होल्ट. ऊन आलं, व्होल्टेज उतरवायची गरज संपली, ड्यूटी १०० टक्के झाली, आणि गेटचा व्होल्टेज डोळ्यांदेखत उतरत गेला.

बूटस्ट्रॅप कपॅसिटर! वरच्या गेटला लागणारा व्होल्टेज यातूनच मिळतो. खालचा मॉस्फेट चालू झाला तरच तो चार्ज होतो. १०० टक्क्यांवर ती वेळच येत नाही, ड्रायव्हर (गेट चालवणारी चिप) त्याला हळूहळू रिकामा करतो आणि वरचा मॉस्फेट अर्धवट उघडा राहून तापतो. टेबलवरच्या चाचणीत मी ९५ टक्क्यांपुढे गेलोच नव्हतो.

यासाठी वरच्या गेटला स्वतंत्र पुरवठा देणारं १२ व्होल्टचं छोटं आयसोलेटेड मॉड्यूल मागवलंय. पण लिहिता लिहिता सुचलं, त्याची गरजच नाही. दर १० मिलिसेकंदांनी ५ मायक्रोसेकंद खालचा मॉस्फेट चालू केला की १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर भरलेला राहील. कोडमध्ये चार ओळी. आज रात्रीच टाकतो.

आणखी एक. सावली दोनच सेल उंच आहे. पॅनेल आडवं केलं तर ती एकाच डायोडच्या १८ सेलवर राहील आणि उरलेला अर्धा भाग ९ व्होल्टला पूर्ण करंट देईल, म्हणजे कन्व्हर्टरशिवाय जवळपास ५० वॅट. हे आधी करायला हवं होतं. डिसेंबरात सावली तिसऱ्या ओळीवर चढते, तेव्हा कन्व्हर्टर लागेलच. त्यामुळे चौथ्या पॅनेलच्या कन्व्हर्टरचं पीसीबी (सर्किट बोर्ड) तूर्त थांबवतोय. उद्या सकाळी आधी पॅनेल धरून ठेवणारे क्लॅम्प सोडवून तिसरं पॅनेल फिरवतो.