सरकारच म्हणतंय, इथे राहू नका

टोकियोच्या पूर्व टोकाला, दोन नद्या आणि समुद्राच्या बेचक्यात आमचा एदोगावा वॉर्ड आहे. त्यातलं निशि-कासाई म्हणजे भारतीयांची मोठी वस्ती, जपानमधल्या भारतीयांना वेगळं सांगावं लागत नाही. मे २०१९ मध्ये या वॉर्डाने नवा पूर-नकाशा काढून घरोघर वाटला. मुखपृष्ठावर, नेमका आमचा वॉर्ड आहे तिथेच, छापलंय: ‘इथे थांबून चालणार नाही.’ आणि सगळे बाण वॉर्डाबाहेर: शेजारच्या चिबा आणि साइतामा प्रांतांकडे, पश्चिम टोकियोकडे. वॉर्डाचा जवळजवळ सत्तर टक्के भाग भरतीच्या पातळीखाली आहे. नद्या फुटल्या तर काही ठिकाणी दहा मीटरच्या वर पाणी चढेल आणि आठवडा-दोन आठवडे, कदाचित जास्तच, हटणार नाही, असं आत लिहिलंय. सात लाख लोकांना त्यांच्याच वॉर्डाने हे लेखी कळवलंय.

हा नकाशा आमच्या स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं लटकतोय, त्यामुळे आम्हाला तो दिसेनासा झाला होता. चिपळूणहून आलेल्या बाबांना तो पहिल्या सकाळीच दिसला. मी मजकूर वाचून दाखवला. चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले, “अगं, मग इथे राहता कशाला?”

हे कोण विचारतंय? तर ज्यांच्या बाजारपेठेतल्या दुकानात २६ जुलै २००५ ला पाणी शिरलं आणि २२ जुलै २०२१ ला माळ्यापर्यंत गेलं ते. दोन्ही वेळा चिखल उपसून, फळ्या बदलून त्यांनी त्याच गाळ्यात पुन्हा दुकान मांडलं. मी तेवढंच म्हटलं, तर म्हणाले, “आमचं वेगळं आहे.”

आता चिपळूणच्या पूररेषा आठवा. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदाची. निळीच्या आत नवं बांधकाम बंद, दोन्हींच्या मध्ये अटी. नकाशावर शहराचा मोठा भाग या रेषांत आला आणि गाव पेटून उठलं. बैठका झाल्या, निवेदनं गेली, वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ आधी काढा म्हणून उपोषणही झालं. बाबा त्यात होते. त्यांचं म्हणणं अजून तेच: कोयनेच्या वीजघरातून सुटलेलं पाणी कोळकेवाडीवरून वाशिष्ठीत येतं, खाली दाभोळ खाडीला भरती असते, नदीचं पात्र गाळाने भरलेलं आहे, आणि या सगळ्याचा दंड आमच्या सातबाऱ्यावर का? मला तेव्हा ते हटवादी वाटायचं. आता तितकं वाटत नाही.

इथे मात्र असलं काही झालं नाही. नकाशा आला तेव्हा समाजमाध्यमांवर बरीच गंमत झाली, टीकाही झाली, पण कोणी तो मागे घ्यायला लावला नाही. मुख्य म्हणजे त्यानंतरही निशि-कासाईत टॉवर उठतच आहेत आणि फ्लॅट विकले जातच आहेत. जपानी माणूस इशारा वाचतो, मान डोलावतो आणि तिथेच कर्ज काढतो. फरक इतकाच की आपल्याकडे रेषा ओढली की जागेची किंमत पडण्याची भीती वाटते, आणि इथे रेषा ओढली म्हणजे आपलं काम झालं असं वॉर्डाला वाटत असावं.

हा शेरा जरा कडवट आहे, मान्य. कारण इथल्या कामाबद्दल आदर वाटायला भरपूर जागा आहे. वॉर्डाच्या पश्चिम कडेची अराकावा ही मुळात खोदलेली नदी आहे. १९१० च्या महापुरानंतर टोकियोला वाचवायला तिचा हा खालचा प्रवाह खणायला घेतला, काम १९३० मध्ये संपलं. पनामा कालव्यावर काम करून आलेले आओयामा आकिरा हे अभियंते त्यात होते. पुढे कारखान्यांनी भूजल उपसलं आणि जमीन खचत गेली. १९४७ च्या कॅथलीन वादळात वरती साइतामात तोने नदीचा बांध फुटला आणि ते पाणी काही दिवसांनी इथवर पोचलं. आता उत्तरेला कासुकाबेत पुराचं पाणी वळवायला जमिनीखाली ६.३ किलोमीटरचा बोगदा आणि १७७ मीटर लांबीची टाकी आहे. आमच्याकडचे पाहुणे तिथे जाऊन टाकीतल्या खांबांसमोर फोटो काढतात.

पण माझा राग आहे तो ‘बाहेर जा’ या सल्ल्यावर. पूर्वेच्या पाच वॉर्डांची मिळून योजना अशी की वादळाच्या तीन दिवस आधी विचारविनिमय, दोन दिवस आधी लोकांना स्वतःहून निघायला सांगायचं, एक दिवस आधी सगळ्यांना बाहेर काढायचं. पाच वॉर्डांत मिळून अडीचेक लाख नव्हे, अडीच दशलक्ष माणसं. आणि जायचं कुठे? नातेवाइकांकडे किंवा ओळखीच्यांकडे! बाई, आमचे नातेवाईक चिपळूण, पुणे आणि डोंबिवलीत. साइतामात आमचा कोण बसलाय?

२०१९ च्या ऑक्टोबरात हगिबिस वादळ आलं तेव्हा ही योजना कागदावरच राहिली. रेल्वेने आदल्या दिवशीच गाड्या बंद ठेवणार म्हणून जाहीर केलं होतं, आणि बाण जिथे जात होते तिथेही तेच वादळ धडकणार होतं. शेवटी बारा तारखेच्या सकाळी अराकावाकडच्या भागाला वॉर्डातल्याच शाळांमध्ये जायला सांगितलं. म्हणजे ‘थांबून चालणार नाही’ म्हणणाऱ्या वॉर्डातच. आम्ही एका शाळेच्या जिममध्ये रात्र काढली. पाणी घातलं की शिजल्यासारखा होणारा भात मिळाला, मीठ नसलेला. सगळं रांगेत, हळू आवाजात. कुणी कुणाला ‘कुठले तुम्ही’ विचारलं नाही. अराकावाने त्या रात्री बांध ओलांडला नाही.

चिपळूणला २०२१ मध्ये आईला समोरच्या घरातल्यांनी गच्चीवरून दोर टाकून पिठलं-भात पाठवला. शेजारी होते, म्हणून जेवली. प्रशासनाची बोट खूप उशिरा आली. हे मी नेहमी इथल्या मैत्रिणींना अभिमानाने सांगते आणि मग लक्षात येतं की या गोष्टीत बोट उशिरा आली हेही आहेच.

बाबांचा प्रश्न मी टाळते असं वाटू नये. इथे राहायचं कारण साधं आहे: भारतीय शाळा जवळ, कोथिंबीर आणि हिरव्या मिरच्या जवळ, तोझाई मेट्रो लाइनने ओतेमाची हा ऑफिसांचा भाग वीसेक मिनिटांत. डोंगरावरच्या उपनगरात दरडीची भीती, शहराच्या जुन्या लाकडी वस्तीत भूकंपानंतरच्या आगीची. भाडं सगळीकडेच. आम्ही चौथ्या मजल्यावर आहोत, असंही मी म्हणून टाकलं. बाबांनी नकाशा उचलला, दहा मीटरच्या रंगावर बोट ठेवलं आणि मजले मोजायला लागले.

आता पुरामुळे बाहेर जावं लागलं तर तिथल्या हॉटेलात राहायला वॉर्ड माणशी एका रात्रीचे ३००० येन देतो, जास्तीत जास्त तीन रात्री. बाबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, पैसे आधी देतात की पावती दाखवल्यावर. माहीत करून घ्यायला हवं. वादळांचा सप्टेंबर आलाच.