उजवा कौल

माघ सरत आला की आमच्या सोसायटीच्या कुंपणालगतची काटेसावर अंगावर एकही पान न ठेवता फुलते, आणि तिच्याखाली गाडी लावू नये हे ठाऊक असूनही मी तिथेच लावतो. परवा दुपारी खाली उतरलो, तर स्कूटरच्या सीटवर एक जाड पाकळ्यांचे लाल फूल उताणे पडले होते, आणि ते उचलण्याआधी मी काय पाहिले असेल, तर ते उजव्या अंगाला पडले आहे की डाव्या. उजव्या अंगाला होते. काम होणार, असे मनाशी म्हणून मी निघालो. कोणते काम, ते मात्र मला अजून आठवलेले नाही.

ही खोड रत्नागिरीकडच्या आमच्या गावची. तिथे ग्रामदेवतेला विचारल्याशिवाय काही होत नसे. गुरव पाषाणावर पाणी शिंपडून उजव्या-डाव्या अंगाला कळ्या चिकटवी आणि गाऱ्हाणे घाली. उजवी आधी सुटली तर होकार, डावी सुटली तर नकार. याला कौल लावणे म्हणत. गोव्यात यालाच प्रसाद लावणे म्हणतात. सोयरीक करावी का, विहीर कुठे खणावी, चोरीला गेलेला नांगराचा फाळ कोणाच्या घरात असेल, असे सारे खटले त्या दगडापुढे चालत. गार, काळ्या पाषाणावरून ओली कळी सुतासुताने घसरू लागली की भरलेल्या सभामंडपात कोणी खोकतही नसे. गुरवाने कोणत्या बाजूला पाणी जास्त शिंपडले याकडे माझे बारीक लक्ष असे, आणि एकदा ते आजोबांच्या कानात सांगितल्यावर, ‘देवळात डोळे मिटून बसावे’, एवढेच ते म्हणाले होते.

फाल्गुन शुद्ध पंचमीला शिमगा सुरू झाला की गावाचा नूरच पालटे. आंब्याचा मोहोर गळून खाली बाजरीएवढ्या कैऱ्यांचा सडा पडलेला असे, मुंबईचे चाकरमानी रात्रीच्या गाडीने उतरत, आणि होळी उभी झाली की देवीची पालखी घरोघर निघे. वर्षभर आपण देवीकडे जायचे आणि शिमग्यात तिने आपल्याकडे यायचे, हा व्यवहार मला तेव्हाही चोख वाटे आणि आजही वाटतो.

मी दहा-अकरा वर्षांचा असतानाच्या शिमग्यात मात्र पालखी एका घरी गेली नाही. त्या घरच्यांनी आपल्या जागेतून जाणारी वाट गडगा घालून बंद केली होती, गावकी बसली होती, शब्दाने शब्द वाढला होता, आणि शेवटी पालखी तिथे न्यावी का, असा कौल लावला गेला. डावी कळी पडली. पाणी कुठे जास्त होते हे त्या दिवशी मी पाहिले नाही. मी खरोखरच डोळे मिटून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी ढोल वाजवत आम्ही त्या घरावरून गेलो, तेव्हा अंगण ताज्या शेणाने सारवलेले होते, रांगोळी घातलेली होती, आणि त्या घरची आजी ओटीचे ताट दोन्ही हातांत धरून तुळशीपाशी उभी होती. खण, नारळ, तांदूळ, वर एक लाल फूल. भोयांनी खांदा बदलला आणि पालखी पुढे गेली.

कोणाला वाळीत टाकणे हा आता महाराष्ट्रात गुन्हा आहे. त्यासाठी 2016 साली वेगळा कायदाच करावा लागला. अर्थात ज्यांच्या दारी पालखी कधी जातच नसे, त्यांच्यासाठी कौल लावण्याचीही कोणाला गरज वाटली नव्हती. त्याच कोकणात, महाडला, 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यामागोमाग माणसे चवदार तळ्यावर चालत गेली आणि ओंजळीने पाणी प्यायली, तोही फाल्गुनच होता. होळी नुकतीच होऊन गेली होती. तळे सर्वांना खुले असल्याचा नगरपालिकेचा ठराव 1924 सालचा, म्हणजे हक्क कागदावर होताच. तरीही ही मंडळी आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठवून त्यांना मारहाण झाली, आणि मागाहून तळे ‘शुद्ध’ करून घेण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला तो 17 मार्च 1937 रोजी, पुन्हा फाल्गुनातच. कळी पडायला फार तर अर्धा तास लागतो. या कौलाला दहा वर्षे लागली.

आमच्या गावचा गडगा दोनेक वर्षांनी निघाला, पालखीही त्या घरी जाऊ लागली, आणि आता तो विषय काढला तर ‘असे काही झालेच नव्हते’, असे लोक सांगतात. मला मात्र काटेसावर फुलली की त्याच वर्षीची ती रात्र आठवते. पालखी सहाणेवर, म्हणजे शिमग्यात ती जिथे टेकवतात त्या चौथऱ्यावर, येऊन बसली होती आणि गुरवाने गाऱ्हाणे घातले होते, की बये, या गावातल्या लेकराबाळांना, गुराढोरांना, थोरामोठ्यांना सुखी ठेव, कोणाच्या दाराशी विघ्न येऊ देऊ नको. प्रत्येक वाक्यासरशी सगळा गाव एका आवाजात ‘होय महाराजा’ म्हणत होता, आणि त्यात मीही होतो, सगळ्यांत पुढे, घसा बसेपर्यंत ओरडत.