टॉम बेस ड्रमवरून उतरवला: जुन्या ड्रम किटची पुढची नोंद

शेल, म्हणजे ड्रमची लाकडी पिंपं, घासून, पॉलिश होऊन तयार आहेत. आता हार्डवेअर, म्हणजे ते धरणारे स्टँड आणि ब्रॅकेट. किट नव्वदच्या दशकातलं, मधल्या भावातलं: २२ इंची बेस (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), १२ आणि १३ चे टॉम (त्याच्यावर बसणारे छोटे ड्रम), १६ चा फ्लोअर टॉम (जमिनीवर उभा राहणारा). बेस ड्रमच्या माथ्यावर ब्रॅकेट, त्यातून वर आलेल्या दोन जाड नळ्या, आणि त्या थेट टॉमच्या पोटात शिरलेल्या. ही पर्ल या ड्रम कंपनीची जुनी पद्धत, पुढे कितीतरी स्वस्त किट्सनी उचललेली. मजबुतीबद्दल तक्रार नाही, हवं तेवढं बडवा, टॉम जागचा हलत नाही.

पण १२ चा टॉम हूपला (काठावरच्या कड्याला) दोन बोटांनी लटकवून वाजवला की छान घुमतो, आणि तोच नळीवर चढवला की ‘ठप्’. टॉमच्या शेलची थरथर ब्रॅकेटमधून नळीत आणि नळीतून बेस ड्रमच्या शेलमध्ये निघून जाते. आधी जातो तो खालचा, लांबणारा सूर. काठीचा फटका तेवढा शिल्लक राहतो.

गंमत म्हणजे सुरुवातीला हे प्रकरण एवढं जड नव्हतंच. पूर्वी बेस ड्रमवर एक छोटी रेल स्क्रूने बसवलेली असायची आणि तिच्यावर एकच टॉम. १९५० च्या दशकाच्या अखेरीस रॉजर्स या ड्रम कंपनीने स्विव्ह-ओ-मॅटिक आणलं: षटकोनी दांडा आणि गोळ्याचा सांधा, त्यामुळे टॉम हव्या त्या कोनात वळवता येऊ लागला. सत्तरच्या दशकात रॉक वाढलं, टॉम वाढले, सिंबल (धातूच्या थाळ्या) जड झाले, तसे स्टँडचे पायही दुहेरी पट्ट्यांचे झाले. रॉजर्सच्याच मेमरिलॉकने नळीवर कॉलर बसवून उंची आणि कोन ‘लक्षात ठेवायची’ सोय केली. आज प्रत्येक स्टँडवर दिसणारा मेमरी लॉक त्याच वळणाचा. ऐंशीच्या दशकात पर्लने ड्रमर जेफ पोर्कारोला घेऊन चौकोनी नळ्यांची रॅक काढली. सगळं एकाच चौकटीवर, रोज त्याच जागी. आपल्याकडच्या बेंजोवाल्यांच्या गाडीवर वेल्डिंग करून ठोकलेली फ्रेम पाहिली की मला हेच आठवतं. तिला कोणी कॅटलॉगमध्ये छापलं नाही, एवढंच.

माझ्या कामाची गोष्ट मात्र गॅरी गॉगरने काढलेल्या रिम्स या टॉम टांगायच्या पट्टीची. धातूची अर्धगोल पट्टी टॉमच्या टेन्शन रॉडना (कातडं ताणणाऱ्या स्क्रूंना) रबरी ग्रोमेटमधून, म्हणजे कड्यांमधून, धरते आणि दांडा त्या पट्टीला लागतो. शेलला भोक नाही, ब्रॅकेट नाही. पुढे जवळपास सगळ्या कंपन्यांनी आपापली आवृत्ती काढली. यामाहाच्या येस या टॉम-माउंटची वाट वेगळी: ब्रॅकेट शेललाच, पण जिथे शेल कमीत कमी हलतो त्या जागी आणि अगदी थोडा स्पर्श ठेवून. मला ती युक्ती जास्त हुशार वाटते, पण जुन्या शेलवर पुन्हा ड्रिल चालवायची इच्छा नव्हती.

म्हणून १२ ला रिम्सच्या धर्तीची पट्टी बसवली. जुन्या ब्रॅकेटचं भोक आतून लाकडी तुकडा चिकटवून बुजवलं. फरक पहिल्याच फटक्याला कळला, सूर दुप्पट लांबला. किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. एक, टॉम किंचित झुलतो, जोरात रोल (सलग भरभर फटके) घेताना हाताला ते जाणवतं. दोन, हेड (ड्रमचं कातडं) बदलायचं तर रॉड निघतात आणि रॉडबरोबर पट्टीही निघते, टॉम हातात येतो. कार्यक्रमात हेड फाटलं तर राम राम.

दुसरा प्रयोग हल्ली जिकडेतिकडे दिसणारा: टॉम सरळ स्नेअर स्टँडवर. बेस ड्रम कोरा, माथ्यावर एकही भोक नाही. १२ चा टॉम बास्केटमध्ये, म्हणजे स्टँडच्या वरच्या तीन हातांत, नीट बसतो. बास्केट हलकेच आवळायची, दातांनी हूप घट्ट धरला की खालच्या हेडचा सूर गुदमरतो. अडचण आहे ती २२ इंची बेसची. टॉम फार उंच जातो, आणि स्टँडचे पाय हाय-हॅटच्या (पायाने मिटायच्या सिंबलजोडीच्या) स्टँडच्या पायांत अडकतात. १८ किंवा २० वाल्यांनी बिनधास्त करावं. मी पट्टीसकट टॉम सिंबल स्टँडवर क्लॅम्पने घेतला आणि स्टँडचा एक पाय बरोबर टॉमच्या खाली आणला. नाहीतर सगळं पुढे कलंडतं.

फ्लॅट बेस स्टँडचा, म्हणजे जमिनीला सपाट टेकणाऱ्या पायांच्या हलक्या स्टँडचा, मोह मात्र आवरला. ते वजनाला निम्मे, रिक्षात पिशवी मांडीवर घेऊन बसता येतं, आणि डीडब्ल्यू, लुडविग, टामा सगळेच ते पुन्हा विकू लागलेत. हॉलच्या लाद्यांवर उत्तम. पण मंडपातल्या फळ्यांवर, वर कार्पेटची सुरकुती असली, की ते डुगडुगतात. तिथे जुना जाड तिपाईच बरा.

बेस ड्रमच्या माथ्यावरच्या भोकासाठी लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमची चकती कातून आणली, खाली रबरी गॅस्केट. दिसायला बरी आहे. १३ चा टॉम आता पडून आहे. कुणाला हवा असेल तर नळ्या आणि ब्रॅकेटसकट देतो, फक्त न्यायला दुचाकी आणू नका.