तुम्ही विचारलंत म्हणून : सॉफ्टबॉक्स असताना ब्यूटी डिश कशाला?

कोल्हापुरात, इचलकरंजीत, गडहिंग्लजला नव्यानं स्टुडिओ टाकलेली मुलं-मुली मला हटकून विचारतात, "सर, सॉफ्टबॉक्स आहे, अंब्रेला आहे, मग ब्यूटी डिशवर पैसे कशाला घालायचे? फोटो एवढा वेगळा येतो का?" येतो. तिन्ही गोष्टी स्टुडिओतल्या फ्लॅशचा उजेड पसरवायला असतात : सॉफ्टबॉक्स म्हणजे समोर पांढरं कापड लावलेली पेटी, अंब्रेला म्हणजे छत्री. फरक बघायचा तो सावलीत.

डिश म्हणजे परातीसारखा उथळ, आतून पांढरा किंवा चंदेरी असलेला पत्र्याचा रिफ्लेक्टर. व्यास साधारण ४० ते ७० सेंटिमीटर. मधोमध, फ्लॅशच्या ट्यूबसमोर, एक छोटी तबकडी असते. तिच्यामुळे ट्यूबचा उजेड थेट चेहऱ्यावर येत नाही. आधी मागे फिरतो, डिशच्या आतल्या बाजूवर आपटतो आणि मग कडांकडून बाहेर पडतो. नुसत्या रिफ्लेक्टरची सावली सुरीनं कापल्यागत येते, मोठ्या सॉफ्टबॉक्सची सावली पार विरून जाते. डिशची सावली या दोन्हींच्या मधली. गालाचं हाड कुठं वळतं, जबडा कुठं संपतो, हे ती स्पष्ट सांगते, पण चेहरा कठोर करत नाही.

हे सगळं डिश जवळ असेल तरच. दिवा किती मऊ पडणार हे चेहऱ्याच्या जागेवरून तो किती मोठा दिसतो त्यावर ठरतं. डिश तीन मीटरवर नेली की ती एक छोटा कडक दिवा होऊन बसते, मग तिचं नाव काहीही असो. मी ती साठ ते नव्वद सेंटिमीटरच्या आत ठेवतो. कॅमेऱ्याच्या बरोबर वर, खाली झुकवून, नाकाची सावली वरच्या ओठाकडे येईल पण ओठाला टेकणार नाही इतक्या उंचीवर. ही मांडणी जुनी आहे. हॉलिवूडच्या स्टुडिओंनी नट्यांचे फोटो असे काढले म्हणून तिला पॅरामाउंट लायटिंग म्हणतात, नाकाखालच्या आकारावरून बटरफ्लायही म्हणतात. हनुवटीखाली फार काळोख झाला तर छातीच्या उंचीवर थर्माकोलची पांढरी शीट आडवी धरा. चंदेरी रिफ्लेक्टर तिथं नको. खालून उजेड जास्त झाला की चेहऱ्याची सगळी घडण पुसली जाते.

जवळ ठेवण्याची एक किंमत आहे. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, म्हणजे दोन स्टॉप जातात (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट होणं). डिश ६० सेंटिमीटरवर असताना नवरी हसत हसत १५ सेंटिमीटर पुढं झुकली, तर तिच्या चेहऱ्यावर पाऊण स्टॉपपेक्षा जास्त उजेड वाढतो. म्हणून मी स्टुलाची जागा जमिनीवर टेपनं आखून घेतो. याच कारणानं चेहरा उजळ असताना साडीचा काठ अंधारात जातो. पूर्ण उंचीचा फॅशनचा फोटो हवा असेल तर एकट्या डिशच्या भरवशावर राहू नका. कॅमेऱ्यामागं मोठी अंब्रेला दीड-दोन स्टॉप कमी ठेवून लावा, म्हणजे साडीची जरही दिसते आणि चेहऱ्यावरची सावलीही टिकते.

आता मला मनापासून बोलायचंय ते सावळ्या रंगाबद्दल. लग्नाच्या अल्बमात आपल्या मुलींचे चेहरे पांढरेफटक करून टाकायची सवय मला सोसत नाही. एक्स्पोजर वाढवायचं, वर सॉफ्टवेअरमधून त्वचा गुळगुळीत करायची, आणि आई-वडिलांना हातात द्यायची ती कुणा दुसरीचीच मुलगी. सावळी त्वचा उजेड कमी परतवते. तिच्यावर चेहऱ्याचा आकार मुख्यतः चकाकीतून कळतो. कपाळ, गालाचं हाड, नाकाचा दांडा, हनुवटी इथं उमटणारी ती चमक डिश नेमकी, आटोपशीर देते. एक्स्पोजर इकडंतिकडं करायच्या आधी हिस्टोग्रामचं, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड-अंधाराच्या आलेखाचं, उजवं टोक बघा, चमक जळू देऊ नका, बाकी रंग आहे तसा राहू द्या. यासाठी मी आतून पांढरी डिशच वापरतो. चंदेरी डिशचा उजेड जास्त आणि कडकही. आपल्या पावसाळी दमट हवेत तेलकट झालेल्या कपाळावर ती ठिपके पाडते. पांढऱ्या डिशलाही टिश्यूनं टिपलेला, हलकी पावडर लावलेला चेहराच द्यावा. मुरमांचे खड्डे, ओबडधोबड मेकअप ती लपवत नाही. समोरच्या माणसाला ते नको असेल तर त्याचं ऐका आणि खुशाल सॉफ्टबॉक्स लावा.

दागिन्यांसाठी मात्र मला डिशच लागते. कोल्हापुरी साजात मासा, कासव, चंद्र, बेलपान अशी एकेक पानं आणि मध्ये मणी. मोठ्या सॉफ्टबॉक्सखाली सोन्यावर सलग पांढुरका पट्टा येतो आणि सगळी पानं एकमेकांत मिसळतात. डिशखाली प्रत्येक मण्याला स्वतःचा बारीक उजेड मिळतो, पानावरचं कोरीव काम उठून येतं. गुजरीतल्या, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारातल्या, कारागिरानं डोळे ताणून केलेलं काम फोटोत हरवावं, हे बरं नाही. जवळून बघितलंत तर गोल मण्यांत आणि डोळ्यांच्या बाहुल्यांत गोल उजेड आणि मध्ये काळा ठिपका दिसेल. ती तबकडीची सावली. काहींना तो ठिपका खटकतो. त्यांनी डिशवर कापडी सॉक चढवावा, पण मग ती जवळजवळ छोटा सॉफ्टबॉक्सच होते.

तालमीतल्या पैलवानांचे फोटो काढताना मी उलट टोकाला जातो. डिशच्या तोंडावर मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी, म्हणजे ग्रिड, लावली की उजेड भिंतीवर सांडत नाही. काळी पार्श्वभूमी, एकच डिश, थोडी बाजूला आणि वर. खांद्याचे स्नायू, मानेवरची माती, कुस्तीत मोडलेले कान, सगळं जागच्या जागी दिसतं. त्या कानांमागं किती वर्षांची मेहनत आहे हे इथं कुणाला सांगावं लागत नाही, त्यामुळं ते मऊ उजेडात झाकायचं काहीच कारण नाही.

घ्यायचीच तर ५५ सेंटिमीटरच्या आसपासची, पत्र्याची, आतून पांढरी घ्या. तुमच्या फ्लॅशला बोवेन्स माउंट (डिश अडकवायची एक ठरावीक खाच) आहे का, हे आधी तपासा; नसलं तर कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत लेथवर जोडरिंग करून मिळते का ते विचारा. डिश डोक्यावर लटकणार असते, म्हणून बूमच्या, म्हणजे तिला धरणाऱ्या आडव्या दांड्याच्या, मागच्या टोकाला वाळूची पिशवी बांधल्याशिवाय कुणाला खाली बसवू नका. आणि ऑर्डरच्या कामावर नेण्याआधी घरातल्या कुणाला तरी खुर्चीत बसवून, फ्लॅशमधला सतत जळणारा मॉडेलिंग लॅम्प लावून, डिश वीतभर वर, वीतभर खाली करत नाकाखालची सावली बघत राहा.