बाबांच्या वहीचे वाचक

गेल्या मे महिन्यातील एका सकाळी, ओहोटी पुरती लागलेली असताना, मी चोडणच्या आमच्या खाजणाच्या बांधावर उभा होतो आणि माझी एक जुनी विद्यार्थिनी गुडघाभर चिखलात उतरून एक पारदर्शक नळी दोन्ही हातांनी जमिनीत दाबत होती. ती गोवा विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी करते. नळी वर काढून तिने ती उन्हात धरली तेव्हा आतील माती थराथरांनी स्पष्ट दिसली. वर दोन बोटे तपकिरी गाळ होता आणि त्याखाली सगळी माती काजळासारखी काळी होती. कुजक्या अंड्यांसारखा वास आला. तिने सांगितले की खालच्या थरात प्राणवायू पोहोचत नाही, म्हणून तेथील जिवाणू खाऱ्या पाण्यातील सल्फेट वापरून जगतात. त्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो आणि मातीतील लोहाशी त्याचा संयोग झाला की हा काळा रंग येतो. अशी जमीन कोरडी पडून तिला हवा लागली तर तीच संयुगे आम्ल बनतात आणि पीक करपते. माझे बाबा अशा तुकड्याला ‘जमीन आंबली’ म्हणत. हे मी तिला सांगितले, तेव्हा तिने वर पाहून विचारले, “सर, ह्या शेतात खारे पाणी शेवटचे कधी शिरले होते, हे कुठे कळेल?”

ते कळण्याची एकच जागा होती, ती म्हणजे आमच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतील बाबांची वही. त्यानंतर ती वही जशी फिरली, ते येथे लिहून ठेवावे असे वाटते, कारण विद्यापीठात किती प्रकारचे संशोधन चालते आणि त्या प्रकारांचा एकमेकांशी काय संबंध असतो, हे इतक्या वर्षांच्या मास्तरकीनंतर मला त्या वहीमुळे नीट समजले.

बाबा कूळ होते. पोर्तुगीज राजवटीत खासगी मराठी शाळेत जेवढे शिकता आले तेवढे ते शिकले होते आणि बांधाची देखरेख त्यांच्याकडे आल्यापासून त्यांनी ही वही ठेवली. प्रत्येक नोंदीत तिथी, पाऊस, मानशीचे दार, बांधाला कोठे भगदाड पडले, किती माणसे जमली, कोणाच्या तुकड्यात कोरगूट होते, एवढेच असते. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे की खाजण म्हणजे नदीच्या खाडीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेती. आतील पाण्याचा निचरा होण्यासाठी बांधात ठिकठिकाणी मानस असते. तिचे लाकडी दार भरतीचे पाणी बाहेरून दाबू लागले की आपोआप मिटते आणि ओहोटीला आतील पाण्याच्या रेट्याने उघडते. ह्यात कोणतेही यंत्र नाही, फक्त चंद्राच्या हिशेबावर विश्वास आहे. अशी जमीन गोव्यात साधारण १८ हजार हेक्टर आहे असे सांगतात. कोरगूट हे तिच्यात टिकणारे आमचे जुने भात, खारटपणा सोसणारे.

वहीचा दुसरा वाचक सागरविज्ञानाचा निघाला. माझ्या विद्यार्थिनीच्या ओळखीने एक तरुण संशोधक घरी आला आणि त्याचे लक्ष मातीपेक्षा तिथींवर होते. बाबा भरतीची वेळ काढताना तिथीची पाऊणपट करीत. अमावास्येपासून चौथी तिथी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे अमावास्येच्या भरतीपेक्षा तीन तास उशीर. कोकणपट्टीतील दर्यावर्दी लोकांत ही रीत जुनी आहे. त्या मुलाने कागदावर लगेच मांडून दाखवले की चांद्रदिवस सुमारे २४ तास ५० मिनिटांचा असतो, म्हणजे भरती रोज साधारण ५० मिनिटे पुढे सरकते, आणि पाऊणपट करणारा माणूस ४५ मिनिटे धरतो. पंधरवड्याच्या शेवटाला हा फरक तासाच्या आसपास जातो. “पण तुमच्या बाबांनी तो फरक धरलेला दिसतो,” असे म्हणून त्याने एका पानावर बोट ठेवले. एकादशीच्या नोंदीत बाबांनी हिशेबाची वेळ खोडून शेजारी दुसरी लिहिली होती आणि कडेला ‘प्रत्यक्ष’ असा शब्द होता. हिशेब आणि अनुभव ह्यांत तफावत आली तर अनुभव नोंदवायचा, ही शिस्त त्यांना कोणी शिकवली, मला ठाऊक नाही. त्या तरुणाला मात्र उधाणाच्या आणि भांगाच्या, म्हणजे सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान भरतीच्या, तिथींना मानशीपाशी पाणी कोठवर चढले ह्या नोंदी मोलाच्या वाटल्या. दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ साली स्थापन झाली, मांडवी आणि जुवारीच्या खाड्यांवर तिचे मोठे काम आहे. तरी एका गावच्या एका मानशीवर पाणी किती चढले, हे त्या मानशीवर उभ्या असलेल्या माणसाशिवाय दुसरे कोण लिहून ठेवणार?

येथपर्यंत सगळे विज्ञानच होते. पण वहीतील १९७६ नंतरच्या पानांवर एक बदल आहे, जो त्या दोघांच्याही कामाचा नव्हता आणि मला स्वतःला मात्र लहानपणापासून टोचत आला आहे. आधीच्या पानांत भगदाड पडले की ‘गावकारीस कळविले’ असे येते; गावकारी म्हणजे गावची जमीन सामाईकपणे सांभाळणारी जुनी ग्रामसंस्था. नंतरच्या पानांत ‘कुळांस कळविले’ असे येते, आणि त्यापुढे जमलेल्या माणसांची संख्या हळूहळू घटत जाते. गोवा, दमण आणि दीवचा कूळ कायदा १९६४ सालचा. १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्याला जमिनीची मालकी दिली आणि बांधांची सामाईक जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली. आम्हाला जमीन मिळाली ती त्याच कायद्याने, तो नसता तर मी शिकलोच नसतो. तरीही गावकारीने शेकडो वर्षे सांभाळलेली बांधाची व्यवस्था नव्या हातांत तेवढ्या घट्टपणे बसली नाही, हेही वहीत दिसते. शिवाय मानशीच्या पावणीत, म्हणजे तेथे मासे धरण्याच्या हक्काच्या लिलावात, मासळीला मोल येऊ लागले. मासळी हवी असलेल्याला आत खारे पाणी हवे असते आणि भात हवे असलेल्याला ते नको असते. एका वर्षी आमच्याकडचे दार रात्री कोणी तरी उघडे ठेवले आणि पेरणी झालेली शेते खारवली. बाबांनी त्या रात्रीबद्दल फक्त ‘दार उघडे’ एवढेच लिहिले आहे. कोणाचेही नाव नाही.

माझ्या विद्यार्थिनीला हवी होती ती तारीख हीच होती. पण ती तारीख का आली, ह्याचे उत्तर तिच्या प्रयोगशाळेत नव्हते. ते कायद्याच्या आणि अर्थशास्त्राच्या विभागांत होते, आणि त्याही मागे जायचे तर इतिहासात. काळ्या मातीचे रसायन जितके खरे, तितकीच मानशीच्या पावणीची बोलीही खरी. दोन्हींनी मिळून त्या तुकड्याची माती आज आहे तशी केली आहे. हे वाक्य मी पुढे तिच्या मार्गदर्शकांनाही ऐकवले, आणि त्यांनी ते मनावर घेतले ह्याचा मला आनंद आहे.

गावकारीच्या इतिहासाची सर्वांत जुनी पोर्तुगीज नोंद म्हणजे १५२६ सालचा फोरल, गावांच्या रीतीभाती आणि देणी नोंदवणारी सनद. पोर्तुगीजांना येऊन तेव्हा पंधरासोळाच वर्षे झाली होती, म्हणजे त्यांनी लिहून घेतली ती व्यवस्था त्यांच्या आधीची. पणजीच्या पुराभिलेखागाराची सुरुवात १५९५ सालची, आणि तेथील कागद वाचायचे तर पोर्तुगीज भाषा पुरत नाही. गावकारीच्या जुन्या नोंदी मोडीत आहेत, गोयकानडी ह्या गोव्यातील जुन्या लिपीत आहेत. मराठा-पोर्तुगीज संबंधांचा इतिहास लिहिणाऱ्या पांडुरंग पिसुर्लेकरांनी ह्याच अभिलेखागारात आयुष्य घालवले. त्यांचा ग्रंथसंग्रह आज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. मी तेथे दोनचारदा बसलो आहे. एका माणसाने किती भाषांतून वाचावे, ह्याची त्या कपाटांपुढे उभे राहिल्यावर कल्पना येते.

ताळगावच्या पठारावरील ह्या विद्यापीठाचे काम १९८५ साली सुरू झाले. त्यापूर्वी पणजीत मुंबई विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र होते. आज तेथे भाषा आणि साहित्य, सामाजिक शास्त्रे, पृथ्वी-महासागर-वातावरण विज्ञान, जीवशास्त्रे, रसायन, कायदा, व्यवस्थापन, संस्कृत आणि तत्त्वज्ञान अशी संकुले आहेत. विद्यापीठाची व्याप्ती सांगायची वेळ आली की आपण अशी यादी वाचतो आणि ती किती लांब आहे ह्यावर खूश होतो. मी स्वतः बारावीच्या मुलांना वर्षानुवर्षे हीच यादी वाचून दाखवली. आता मला वाटते की यादीतील दोन नावे एकाच शेताच्या बांधावर कितीदा भेटतात, हे मोजायला हवे.

सामाजिक शास्त्रांच्या संकुलाला दामोदर धर्मानंद कोसंबींचे नाव आहे. ते योग्य आहे, पण त्यांचे नाव गणिताच्या किंवा जीवशास्त्राच्या इमारतीवरही तितकेच शोभले असते. १९०७ साली गोव्यातील कोसबेन येथे जन्मलेला हा मूळचा गणिती. चलनात फिरताना नाणे झिजते आणि त्याचे वजन घटते, एवढ्या एका गोष्टीवरून त्यांनी हजारो आहत, म्हणजे ठसे मारलेल्या प्राचीन, नाण्यांची वजने केली आणि संख्याशास्त्राच्या आधारे त्यांच्या काळाचा क्रम लावण्याचा मार्ग दाखवला. भर्तृहरीच्या सुभाषितांच्या पाठांची चिकित्सा त्यांनी केली. गोव्याच्या जुन्या काबिजादींतील, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागातील, गावकारीवरही त्यांनी लिहिले, म्हणजे आमच्या बांधाच्या मूळ मालकांवर. आणि गुणसूत्रावरील जनुकांची अंतरे मोजण्यासाठी १९४० च्या दशकात त्यांनी मांडलेले सूत्र ‘कोसंबी फलन’ म्हणून जगभर वापरले जाते. भातातील क्षारसहिष्णुतेचे जनुक कोठे आहे हे शोधताना नकाशा काढायचा तर आजही तेच फलन हाताशी घेतात. कोरगुटाचा दाणा आणि गावकारीचा इतिहास ही दोन टोके एकाच माणसाच्या कामात जुळलेली आहेत, हे मला कळले तेव्हा मी माझ्या विद्यार्थिनीला रात्री साडेदहाला फोन केला. तिने ते फलन वापरलेले होते. ते कोसंबी आपल्या गोव्याचे, हे मात्र तिला कोणी सांगितले नव्हते.

एवढ्या एका गोष्टीवरून मला फार वाईट वाटले, आणि दोष तिचा नाही. प्रबंध आता लपून राहत नाहीत. ‘शोधगंगा’ ह्या संकेतस्थळावर देशभरातील प्रबंध कोणालाही फुकट वाचता येतात. पण प्रत्येक शास्त्राने आपली परिभाषा अशी काही बांधून घेतली आहे की शेजारच्या विभागालाही ती परकी वाटते, आणि जवळपास सगळे इंग्रजीत असल्यामुळे ज्यांच्या शेतातील चिखल नेला त्यांच्यापर्यंत त्यातील ओळही परत येत नाही. मराठी आणि कोकणी विभागांकडे मी ह्यासाठी मोठ्या आशेने पाहतो. साहित्याचा अभ्यास हे त्यांचे काम आहेच, पण मानस, पोंय (मानशीजवळचे तळे), वायंगण (पावसाळ्यानंतरचे भातपीक), पावणी, उधाण, भांग ह्या शब्दांत साठवलेले ज्ञान नीट उलगडून इतर शास्त्रांपुढे ठेवणे, हे काम दुसरा कोणताही विभाग करू शकणार नाही. ‘जमीन आंबली’ ह्या दोन शब्दांत त्या नळीतील सगळे रसायन होते. ते दोन शब्द कोणत्याही शब्दकोशात त्या अर्थाने नोंदलेले मला सापडले नाहीत.

वही सध्या माझ्याकडे नाही. मराठीत संशोधन करणारी एक मुलगी तिच्यातील शब्दांच्या चिठ्ठ्या करते आहे, सागरविज्ञानाच्या त्या तरुणाने तिथींची पाने छायाचित्रे काढून नेली आहेत आणि माझ्या विद्यार्थिनीच्या प्रबंधात एका तळटीपेत बाबांचे नाव येणार आहे. तिने परवा कच्चा मजकूर दाखवायला आणला होता. नावाच्या मागे काय लावावे, हे तिला कळत नव्हते. शेतकरी, कूळ, निरीक्षक असे तीन शब्द पेन्सिलीने लिहून तिने पुढे प्रश्नचिन्ह केले होते. मी तिला ‘कूळ’ ठेवायला सांगितले. बाबा वहीच्या पहिल्या पानावर स्वतःला तेच म्हणवून घेत.