दुसऱ्या रात्रीचे बाळ

बाळंतिणींच्या कक्षात रात्रपाळी करणाऱ्या आम्हा परिचारिकांना दुसऱ्या रात्रीचे बाळ आवाजावरूनच ओळखू येते. पहिला दिवस ते बहुतेक झोपून काढते आणि सगळे त्याच्या शहाणपणाचे कौतुक करतात. दुसऱ्या रात्री मात्र तेच बाळ आईच्या अंगावरून हलायला तयार नसते. त्या रात्री सव्वादोनच्या सुमारास एका खोलीतली घंटा तिसऱ्यांदा वाजली, तेव्हा आत काय ऐकायला मिळणार याची मला कल्पना होती.

"सिस्टर, हिला दूधच नाही," बाळंतिणीची आई म्हणाली. "संध्याकाळी सातपासून पोर नुसते चिकटून आहे, काढले की रडते. वरचे थोडे देऊ या ना." बाळंतीण काहीच बोलत नव्हती. बाळाच्या प्रत्येक ओढीसरशी तिच्या पायाची बोटे आखडत होती, आणि माझे लक्ष तिकडे गेले.

नोकरीच्या सुरुवातीला अशा वेळी मी वरचे दूध निमूटपणे आणून दिलेले आहे. बाळ तीन तास झोपे, नातेवाईक सुखावत आणि मलाही दुसरी कामे उरकता येत. पण दूध तयार होणे हे बाळाच्या ओढण्यावरच अवलंबून असते, आणि दुधासाठी लागणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्रीच्या वेळी अधिक स्रवते. म्हणजे त्या तीन तासांत आम्ही बाळाची मागणीच अडवून धरत होतो.

अर्थात "दूध नाही" ही तक्रार हसून सोडून द्यायची नसते, ती पडताळायची असते. जन्माच्या वेळी 3,010 ग्रॅम असलेले वजन त्या संध्याकाळी 2,820 भरले होते, म्हणजे घट 6 टक्क्यांच्या थोडी वर होती. पहिल्या दिवसांत एवढी घट होतेच, ती 10 टक्क्यांकडे सरकली असती तर मी डॉक्टरांना उठवले असते. दिवसभरात तीन लंगोट ओले झाले होते, काळी चिकट शी हिरवट होऊ लागली होती आणि बाळ सुस्त नव्हते. चीक थेंबा-थेंबानेच येतो, नवजात बाळाचे पोटही लहान असते, त्यामुळे ते पुन्हा पुन्हा मागणारच. चोवीस तासांत 8 ते 12 वेळा पाजणे म्हणजे दर दोन-तीन तासांनी एकदा, असे आम्हीच सांगून ठेवतो. प्रत्यक्षात ही बाळे संध्याकाळी आणि रात्री पाठोपाठ पितात आणि मग एकदम लांब झोपतात.

प्रश्न होता तो त्या आखडणाऱ्या बोटांचा. मी बाळंतिणीला धुतलेली करंगळी बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत सरकवून पकड सोडवायला सांगितली. बाहेर आलेले बोंड लिपस्टिकच्या टोकासारखे तिरके चेपलेले होते आणि डाव्या बाजूला एक बारीक भेग पडली होती. बाळाचे पोट आईच्या पोटाला लावले, नाक बोंडासमोर आणले आणि त्याने जांभईएवढा मोठा आ करेपर्यंत थांबलो. स्तन बाळाकडे नेण्याऐवजी बाळालाच स्तनाकडे आणले, तशी त्याची हनुवटी आत रुतली. अर्ध्या मिनिटात तिची बोटे सैल पडली.

"मावशी, जरा कान द्या," मी बाळंतिणीच्या आईला म्हणाले. दोन-तीन ओढी आणि मग श्वासासारखा हलका घोट, पुन्हा दोन-तीन ओढी. मावशींनी तो आवाज बराच वेळ वाकून ऐकला.

बाळंतिणीने मोबाइलमध्ये प्रत्येक पाजण्याची मिनिटे लिहिली होती. मध्यरात्रीपासून सात नोंदी होत्या. (या नोंदींनी धीर आलेली बाळंतीण मी अजून पाहिलेली नाही.) त्याऐवजी ओले लंगोट मोजा, असे मी सांगितले. तिला कुशीवर झोपून पाजायला शिकवले, आणि लंगोट बदलणे, ढेकर काढणे, पिऊन झाल्यावर बाळाला पाळण्यात ठेवणे ही कामे मावशींकडे दिली, कारण आईवाचून अडते ते फक्त पाजण्याचे.

पहाटेपर्यंत ते बाळ आणखी चार वेळा उठले. पाळी संपताना मी नोंदवहीत लिहिले: वरचे दूध दिले नाही, डावीकडे भेग, सकाळी पकड पुन्हा पाहावी, संध्याकाळी वजन घ्यावे.