तुम्ही विचारलंत म्हणून: "कुठलं सॉफ्टवेअर?"

मी अ‍ॅनिमेशन करते म्हटलं, की "हे सगळं कॉम्प्युटरच करतो ना?" नातेवाईक विचारतात, मैत्रिणी विचारतात, जरा जाणकार असले की "कुठलं सॉफ्टवेअर?" एवढंच विचारतात. आजवर हसून विषय बदलत आले. आज सांगूनच टाकते.

हो, करतो. बरंच काही करतो, आणि न सांगता करतो, तिथेच तर डोकेदुखी आहे. चेंडूची पहिली आणि शेवटची जागा दिली की मधल्या फ्रेम्स, म्हणजे मधली एकेक चित्रं, सॉफ्टवेअर भरतं. भरतं म्हणजे सारख्या अंतराने वाटून टाकतं. असा चेंडू उसळत नाही, नुसता सरकतो. त्याला वजन द्यायचं तर जमिनीजवळच्या फ्रेम्स लांब लांब आणि वरच्या टोकाला दाटीवाटीने, हे आपणच ठरवायचं. कॅमेऱ्याचंही तेच. काळ्या कापडावर काळी किटली ठेवा, ऑटोवरचा कॅमेरा दोन्ही करडी करून हातात देतो. त्याला सगळं जग मध्यम उजेडाचंच हवं असतं.

आता एका कागदाच्या बोळ्याबद्दल. वर्षअखेरीच्या सादरीकरणासाठी मी स्टॉप मोशन केलं होतं, म्हणजे वस्तू जराजराशी हलवत एकेक फोटो काढायचा आणि ते फोटो जोडून हालचाल दाखवायची: चुरगळलेला कागद हळूहळू उलगडतो, एवढंच. सेकंदाला २४ फ्रेम्स, पण प्रत्येक फोटो दोन फ्रेम्स टिकवायचा, म्हणजे सेकंदाला १२ फोटो. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, फोकस, सगळं मॅन्युअलवर ठेवून जागच्या जागी बांधलं. पडदे लावले, एकच दिवा. कागदाचा स्वभाव असा की सोडला की तो आपल्या मर्जीने थोडा उघडतोच, म्हणून प्रत्येक घडी खालून चिकटपट्टीने धरायची, फोटो काढायचा, पट्टी सोडवायची, पुन्हा लावायची. फाळक्यांनी १९१२मध्ये वाटाण्याचं रोप एकेक फ्रेम घेत वाढवून दाखवलं, तेव्हा त्यांना कुणी प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायचं तयार साधन, कुठलं ते विचारलं नसेल.

मला विचारलं. बाहेरून आलेले परीक्षक पडद्याकडे बघत म्हणाले, "कागद श्वास घेतोय असं वाटतंय. छान. कुठला इफेक्ट?" म्हटलं, इफेक्ट नाही, सर. ते हसले, मी काहीतरी लपवते आहे अशा थाटात. शेऱ्यात आलं: 'सॉफ्टवेअरवर चांगली पकड.' कागद धरून बोटांच्या टोकांची सालं निघाली होती हो! तो शेरा आजही डोक्यात जातो.

पण खरं सांगायचं तर तो श्वास मी आणलाच नव्हता. मी पांढरा शर्ट घातला होता. पुढे वाकले की शर्टावरचा उजेड कागदावर पडायचा, मागे सरले की जायचा. दर फोटोला मी वेगळ्या अंतरावर, म्हणून उजेड मंद हलत राहिला. स्टॉप मोशनवाले काळे कपडे घालतात ते उगाच नाही, हे मला नंतर कळलं. मग काळा टी-शर्ट घालून तेच पुन्हा केलं. उजेड अगदी स्थिर. आणि कागद मेलेला.

त्या वेळची मी म्हणायची, सगळं हाताने केलंय, म्हणून माझं आहे. तिला विचारावंसं वाटतं, बाई, मग तो श्वास कुणाचा? तुझ्या हाताचा नव्हता, कॉम्प्युटरचा नव्हता. ती म्हणेल, दोन्ही क्लिप बघून पहिली कुणी ठेवली? निवड माझीच ना? असेल. पण निवडणं म्हणजे करणं, असं धरलं तर बटण दाबणाऱ्यालाही तेच म्हणता येईल, आणि मग माझ्या रागाला जागाच उरत नाही. राग तर आहे.

टॅब्लेटवर चित्र काढताना रेषेची थरथर काढून टाकणारं स्टॅबिलायझर मी कायम चालू ठेवते. ती गुळगुळीत रेघ माझी की त्याची, हे अजून कुणी विचारलेलं नाही. विचारलंत तर बहुतेक चिडेनच.